पेन्सिलीने लिहिलेली पोरं

भनपुरीच्या एका खोलीत मला आणि माझ्या आईला बाहेरून कडी लावून कोंडण्यात आलं, तेव्हा माझ्या हातात साठ कुटुंबांचे सरकारी कागद होते आणि आईच्या हातात सूप होतं. सूप आमचं नव्हतं. ज्यांनी आम्हाला कोंडलं त्यांचंच होतं, आणि त्यात त्यांचेच तांदूळ होते. आई ते निवडत होती. कोंडल्यावरही तिने निवडणं थांबवलं नाही.

हे सगळं का झालं ते सांगतो. चूक माझी होती, हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला कोणाची बाजू घ्यायची याचा त्रास नको.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. मंत्री होते, पण त्यांना बसायला खोल्या नव्हत्या. खाती होती, पण खात्यांना माणसं नव्हती. त्यामुळे नव्या राज्याला जे जे काही जाणून घ्यायचं असे, ते शाळामास्तरांना विचारून यायला सांगत. अशाच एका खात्याला एके दिवशी वाटलं, की आपल्याकडे इतक्या तऱ्हेचे लोक राहतात, तर कोणाच्या घरात किती मुलं होतात आणि का, हे कळायला हवं. किती झाली, किती जगली, आणखी किती हवीत, नको असतील तर त्यासाठी काय केलं. असे नाजूक प्रश्न बायकांना विचारण्यासाठी त्यांनी निवड केली माझी. मी गणिताचा मास्तर. वय अडतीस. (मेडिकलच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं आधीच उभी असली, की जे घ्यायला गेलो ते सोडून खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत येणारा माणूस. आमच्या घरात खोकल्याच्या गोळ्या कधी संपल्या नाहीत.)

मला भनपुरीची वस्ती मिळाली. गोदामांच्या मागे, ट्रक उभे राहतात त्याच्या पलीकडे. छत्तीसगढी हमाल, ओडिया मजूर, बिहारी ड्रायव्हर, काही बंगाली, काही तेलुगू घरं, एक रशीद मिस्त्री. पहिल्या दिवशी मी चौदा दारं वाजवली. पुरुष कामावर गेलेले. आतून एकच उत्तर यायचं, "मरद घर म नइ हे." आणि दार बंद. एका दारात बाई उभी राहिली, म्हणून मी घसा खाकरून विचारलं, "बहनजी, और कितने बच्चे चाहिए?" तिने मला जे उत्तर दिलं त्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी रडगाणं गायलं, तर आमचे ठाकूर सर हसले. ते इतिहास शिकवत आणि त्यांना सगळं माहीत असे.

"इतना घूमने की क्या जरूरत है? आप नाम बोलिए, मैं बच्चे बोलता हूँ."

मी यादीतली नावं वाचली आणि सर धडाधड आकडे सांगत गेले. बिहारी असेल तर सहा. बंगाली असेल तर दोन, फार तर दोन. छत्तीसगढी पाच. ओडिया चार. मिस्त्रीच्या नावापुढे त्यांनी सात सांगितले. "और मराठी एक," माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "वो भी सोच-समझ के." स्टाफरूम हसली. मीही हसलो, कारण मला एकच मुलगी होती, मिनू, नऊ वर्षांची. आणि मग मी ते केलं. साठही नावांपुढे ठाकूर सरांचे आकडे लिहून टाकले. पेन्सिलीने, अर्थात. नंतर खात्री करून घेऊ, असं मनाला सांगितलं. पेन्सिलीने केलेली लबाडी ही अर्धीच लबाडी असते, असं मला तेव्हा वाटे.

पण कागदावर बायकांचे अंगठे हवे होते, म्हणजे वस्तीत जाणं चुकत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, एखादी बाई सोबत न्या. शाळेतल्या दोन्ही बाई दुसऱ्या कुठल्या तरी खात्याचं काही तरी मोजायला गेल्या होत्या. तेव्हा आई म्हणाली, "मी येतो."

आई म्हणजे मूळची अमरावतीकडची. चाळीस वर्षं रायपूरच्या तात्यापाऱ्यात काढली तरी तिची बोली जशीच्या तशी होती. आणि मुलांच्या संख्येवर तिची ठाम मतं होती. रोज सकाळी पोळ्या लाटताना ती माझ्या बायकोला, सुनंदाला, माझ्यादेखत विचारायची, "मंग? मिनूले भाऊ-बहीण कई?" सुनंदा कणीक मळत राहायची. मी पेपर वर धरायचो.

"आपल्या मंडळात हळदीकुंकवाले बाया पाहाय किती येतात, न् पोट्टे किती," आई पेपरला उद्देशून म्हणायची. "शेजारच्यायकडे पाच पाच. आपल्याकडे एकेक. पुढे गणपती कोन उचलन?"

अशी बाई मी लोकसंख्येच्या कामावर सोबत नेली.

खरं सांगायचं तर पहिले दोन तास फार छान गेले. बुधराम नावाचा हमाल होता, त्याच्या घराच्या ओट्यावर आई जाऊन बसली. बुधरामची म्हातारी आई, दुकल्हिन बाई, तांदूळ निवडत होती. ती वस्तीतली दाई. तिथली निम्मी पोरं तिच्याच हातावर आली होती. आईने तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाली, "तुम थक गये होंगे, लाओ." झालं. दहा मिनिटांत ओट्यावर पंधरा बायका. कोणाचं कितवं, कोणाचं कसं गेलं, कोणाचा नवरा काय म्हणतो, सगळं आपोआप निघायला लागलं. मी बाजूला खाटेवर बसून, घोडं गंगेत न्हालं म्हणून, निवांत कागद पसरले.

तिथेच घात झाला. बुधरामची बायको रामेश्वरी माझ्यासाठी चहा घेऊन आली. ती नववीपर्यंत शिकलेली होती, हे मला माहीत नव्हतं. (तो रकाना माझ्या कागदात होता. मी तो भरला नव्हता.) कप खाली ठेवता ठेवता तिची नजर कागदावर गेली.

"सर, ये का लिखे हव? बुधराम साहू, पाँच?"

मी हात ठेवला. उशीर झाला होता.

"हमर तो दू झन लइका हे. आप पूछे कब?" म्हणजे दोनच मुलं.

"वो ऐसे ही... अंदाज से..."

तिने सरळ कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागली. अमक्याचे सहा. तमक्याचे चार. रशीद मिस्त्रीचे सात. एकेक बाई उठून जवळ आली. कोणी तरी हळूच म्हणालं, "पहिली ले लिख के लाने हे." आधीच लिहून आणलंय. आणि मग ते वाक्य मागे मागे जाताना बदलत गेलं. यादी तयार आहे. जास्त पोरंवाल्यांची यादी आहे. यादीतल्यांना नेणार आहेत.

कुठे नेणार हे कोणी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या काळी अशीच माणसं कागद घेऊन आली होती आणि मागोमाग नसबंदीची गाडी, असं दुकल्हिन बाईच्या वयाच्या माणसांनी सांगितलेलं वस्तीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं. आणि नेमकी त्याच वेळी, माझं नशीब पाहा, गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी जीप येऊन उभी राहिली.

एक बाई किंचाळली. दारं धडाधड लागायला लागली. समोरच्या घरातली बाई आपल्या तीन पोरांना कोंबड्यांसारखी आत हाकलत होती, त्यात एक पोर शेजारणीचं होतं. कोणी तरी गोदामाकडे धावलं. मी उभा राहून "सुनिए, सुनिए" म्हणत होतो, पण माझा आवाज वर्गाबाहेर कधीच चालत नाही, आणि वर्गातही फारसा नाही. पाच मिनिटांत बुधराम आला. त्याच्याबरोबर दहा-बारा हमाल, अंगावर सिमेंट, नुसते भुवयांखाली डोळे दिसत होते. त्याने माझ्या हाताला धरलं नाही की शिवी दिली नाही. नुसतं खोलीकडे बोट दाखवलं. मी कागद छातीशी धरले, आईने सूप, आणि आम्ही आत गेलो. त्याने कडी लावली.

खोली लहान होती. एक पेटी, दोरीवर कपडे, एक झरोका. बाहेर आवाज वाढत होते. "थाने ले चलो." "थाने म इखरे आदमी हे." ठाण्यात यांचीच माणसं, म्हणून. "कागज ला जला दे पहिली." मला माझी भीती वाटत होतीच, पण आईचं ब्लडप्रेशर, तिची सकाळची गोळी, आणि घरी सुनंदाला काय सांगायचं, हे एकदम डोक्यात आलं. दारावर कोणी तरी काठी आपटली. मी पेटीवर बसलो आणि लगेच उठलो, कारण पेटी त्यांची होती.

आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. तांदळातला खडा काढून तिने बाजूला ठेवला.

"काय लिवलं होतं तू?"

मी सांगितलं. ठाकूर सर, नावं, पेन्सिल, सगळं.

"न विचारता?"

"हो."

"लोकायचे लेकरं तू न विचारता लिहून टाकले?"

लहानपणी तिच्या हातचा मार खाल्ला होता, तो बरा होता. ती उठली, दाराशी गेली आणि हाताने दोनदा थाप मारून म्हणाली, "दुकल्हिन बाई. अंदर आओ. अकेली."

मग कडी निघाली, म्हातारी आत आली आणि दार पुन्हा लागलं. ती आईसमोर उकिडवी बसली. फटीतून रामेश्वरीची साडी दिसत होती. ती दाराला टेकून उभी होती.

"सच बता," दुकल्हिन बाई म्हणाली. "ऑपरेशन बर आय हव का?" ऑपरेशनसाठी आलात का.

"नाही," आई म्हणाली. "ये मेरा लडका मास्तर है. इसको कुछ नहीं आता, सिर्फ लिखना आता है. लेकिन ऑपरेशन क्या होता है मेरेको मालूम है. मैंने किया है."

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हिंदी, वऱ्हाडी, मध्येच एखादा छत्तीसगढी शब्द, अशा तिच्या भाषेत ती म्हातारीला सांगत होती, आणि मी अडतिसाव्या वर्षी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

तिची मोठी बहीण सातव्या बाळंतपणात गेली. पहाटे गेली, आणि दुपारी तिची सासू म्हणाली, की पोरगा तरी वाचला. आईने तेव्हा ते ऐकलं होतं. पुढे तिला ताई झाली, मग मी झालो. मी वर्षाचा असताना ती मावसबहिणीच्या लग्नाला जाते असं सांगून निघाली. लग्न नव्हतंच. माहेरच्या गावातल्या नर्सबाईबरोबर ती अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेली.

"इसके बाप ने दस्तखत किया," आई म्हणाली. "फिर दो दिन खाना नहीं खाया. लेकिन किया."

"अउ तोर सास?" म्हातारीने विचारलं.

"सास को नहीं बताया. मरने तक नहीं बताया. बारा बरस उसने मेरेको देव-देव घुमाया, और बच्चा होने के लिए. जो बोली वो सब उपास मैंने किये."

"सब उपास?"

"सब. देव को मैंने पहले ही बता के रखा था."

मला ते सोमवार आठवले. घरी साबुदाण्याची खिचडी व्हायची आणि आजी अर्धी माझ्या ताटात वाढायची. ज्या भावंडासाठी ते उपास चालले होते ते येणारच नव्हतं, आणि त्याच्या वाटणीची खिचडी खाऊन मी मोठा झालो होतो.

दुकल्हिन बाईने दाराकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आईने ही गोष्ट एका सासूला सांगितली आहे, आणि त्या सासूची सून दाराला कान लावून उभी आहे. बाहेरच्या बारा हमालांपेक्षा मला आता या एका म्हातारीची भीती वाटत होती.

"सास ला ठगे तैं," ती अखेर म्हणाली.

"ठगे," आई म्हणाली.

म्हातारीने आईच्या हातातलं सूप घेतलं, उगाच एकदा पाखडलं. "मोर नौ झन होइस. चार बाँचिस." मग तिने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "अउ तोर कतका लइका, मास्टर?"

"एक."

"एके झन? काबर?"

का. हा प्रश्न माझ्या कागदावर अकराव्या क्रमांकाला होता. मी तो लोकांना विचारायला निघालो होतो, आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. सरकारी क्वार्टर नाही, घर लहान, महागाई, आमच्यात असंच असतं, अशी चार कारणं मनात आली आणि चारही ठाकूर सरांची वाटली. "वो... मेरी पत्नी..." म्हणून मी थांबलो. आई माझ्याकडे पाहत होती. म्हातारी माझ्याकडे पाहत होती. फटीतली साडीसुद्धा वाट पाहत होती.

"नइ जाने," म्हातारी आईला म्हणाली, कीव आल्यासारखी. आणि उठून तिने दार उघडायला सांगितलं.

बाहेर ती काय बोलली ते मला सगळं कळलं नाही, पण दाईचा शब्द होता. बुधरामने एकच अट घातली. सगळ्यांसमोर खोडायचं. रामेश्वरीने तिच्या पोरीच्या दप्तरातून खोडरबर आणून दिलं, आणि मी ओट्यावर बसून, साठ-सत्तर माणसांच्या देखत, ठाकूर सरांची सगळी पोरं एकेक करून खोडली. एक म्हातारा शेवटपर्यंत वाकून पाहत होता. त्याच्या नावापुढचं पुसट दिसतंय म्हणून त्याने मला ते दोनदा खोडायला लावलं. एवढ्यात पांढऱ्या जीपमधली माणसं गोदामातला वजनकाटा तपासून निघूनही गेली.

मग आम्ही नव्याने विचारलं. म्हणजे आईने विचारलं, मी लिहिलं. रशीद मिस्त्रीला एकच मुलगी होती. त्याची बायको म्हणाली, तिला शिकवायचंय, पुरे. बंगाली घरात, जिथे मी दोन लिहिले होते, तिथे पाच निघाली, कारण चार मुलीच होत्या आणि आजेसासू हटून बसली होती. बिहारी ड्रायव्हरला मूलच नव्हतं. तिथे आईने मला कागद मिटायला सांगितला आणि ती त्या बाईजवळ बराच वेळ बसून राहिली. तेलुगू बाई म्हणाली, तिच्या गावाकडे तिच्या सगळ्या बहिणींना दोन दोनच आहेत, इथे आल्यावर शेजारणींचं पाहून तिसरं झालं. ओडिया घरातलं बरोबर आलं, चार. ठाकूर सरांचं साठात एवढंच बरोबर आलं असं नाही, आणखीही काही आकडे जुळले. पण ते का बरोबर होते, ते दर घरात वेगळंच होतं.

ऊन उतरताना आम्ही निघालो. रामेश्वरी रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिथे तिने आईला थांबवलं आणि काही तरी विचारलं. आईने मला हाताने पुढे जायची खूण केली. मी ट्रकच्या सावलीत उभा राहून पाहत होतो. आई तिच्या कानाशी लागून बोलत होती, बोटांवर काही तरी सांगत होती.

"काय विचारत होती?" रिक्षात बसल्यावर मी म्हटलं.

"तुह्या कागदात त्याले रकाना नाही," आई म्हणाली आणि पंडरी येईपर्यंत डोळे मिटून बसली.

घरी आल्यावर ती हातपाय धुऊन, गोळी घेऊन आडवी झाली. मी स्वयंपाकघरात गेलो. सुनंदाला सगळं सांगितलं. कोंडल्याचं जरा कमी करून, माझ्या धीराचं जरा वाढवून. मग आवाज खाली आणून ऑपरेशनचं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला. मिनूच्या वेळी दवाखान्यात सांगितलं आईंनी. रक्त थांबत नव्हतं माझं, तेव्हा. म्हणाल्या, पुन्हा नको वाटलं तर नको म्हण, मी पाहून घेईन."

"मग रोज सकाळी विचारते ती कशाला?"

"हवंय त्यांना. हवं असणारच. पण मी गप्प राहिले की दुसऱ्यांदा कधी विचारतात का? तुमच्या लक्षात आलं नाही?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पेपर वाचत होतो.

"तुला नकोच होतं दुसरं?" मी विचारलं.

तिने गॅस बारीक केला. "भीती वाटायची. अजून वाटते. पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं, तुम्ही विचाराल."

"मला वाटलं, तू सांगशील."

ती हसली. रागाने नाही, पण फार हसलीही नाही. मग तिने पाट सरकवला आणि म्हणाली, "बसा." आम्ही बोलत बसलो. भाजी करपली, मिनू दोनदा येऊन भूक लागली म्हणून सांगून गेली.

कागद पुढच्या आठवड्यात जमा केले. साहेबांनी चाळले आणि माझी पाठ थोपटली. म्हणाले, मास्तर, एकही घर सुटलेलं नाही. मी मान डोलावली. एक सुटलं होतं, नऊ वर्षं. त्याचं दार मी रोज वाजवत होतो, आणि आत जाऊन पेपर वाचत बसत होतो.